किती निघालं?

मराठवाड्यात गाडीचं बॉनेट उघडणं ही खासगी बाब नाही. नांदेडला तरोडा नाक्यावर उघडा, लातूरला गांधी चौकात उघडा, नाहीतर मध्ये अहमदपूरला उघडा. बघता बघता चार माणसं जमतात. पहिला मान आत घालून नुसतं "हं" म्हणतो. दुसरा विचारतो, "गरम झाली का?" तिसरा हात मागे बांधून लांबूनच "पाणी टाका, पाणी" असा उपाय सांगतो. आणि चौथा, ज्याचा इंजिनाशी संबंध पिठाच्या गिरणीपुरताच आलेला असतो, तो "प्लगात कचरा असंल" असं निदान करून मोकळा होतो. काचा धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं होतं, असं सांगून बघा. कुणी विश्वास ठेवत नाही. सगळ्यांना वाटतं, माणूस बिचारा खर्च लपवतोय.

अशा मुलखात माझा भाचा गाडी ठणठणीत असताना, स्वतःच्या हाताने, दर रविवारी बॉनेट उघडतो. कारण त्याने इंजिनाला डबा लावला आहे.

आधी गाडी सांगतो. पोलो जीटी टीएसआय. २०१३ साली बाजारात आली, चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, पण त्याला टर्बो, म्हणून ताकद १०५ अश्वशक्ती. २०२२ साली कंपनीने भारतात पोलो बंद केली आणि ज्यांच्या दारात ती उभी होती ते मालक त्या दिवसापासून पुजारी झाले. भाच्याने पुण्याहून तिसऱ्या हाताची घेतली आणि औसा रोडवरच्या घरापुढे लावली. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, त्यामुळे एमएच-१२ ची पाटी तशीच राहिली. त्याच्या आनंदातला निम्मा वाटा त्या पाटीचा आहे.

मग पुण्यालाच जाऊन त्याने 'रिमॅप' केलं. म्हणजे लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलायचे आणि टर्बोचा दाब वाढवून घ्यायचा. आमच्या दाजींची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. पोतं दिसतं, काटा दिसतो, पट्टी दिसते, म्हणून जग चालतं यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पैशे दिलास, मग वस्तू कुठाय?"

"पप्पा, सॉफ्टवेअर आहे."

"म्हणजे हवाच."

टर्बोच्या बाबतीत हे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, पण ते दाजींनाही माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी मात्र वस्तू आली. कुरियरने. निळ्या रंगाचा ॲल्युमिनियमचा डबा, पाण्याच्या लहान बाटलीएवढा. वर नळ्या जोडायची दोन तोंडं, आत किती भरलं ते बघायला काडी, खाली तोटी. दाजींनी तो हातात घेऊन वाजवून पाहिला.

"ह्याच्यात काय असतंय?"

"काही नाही. रिकामाच असतो. मग भरतो."

"कशानं?"

"घाणीनं."

दाजींनी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या बहिणीकडे पाहिलं. पोराच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाची आजवरची सगळी बेरीज त्या नजरेत होती.

आता हा डबा करतो काय, ते सांगायला हवं. पिस्टनभोवती रिंगा असतात. रिंगेला फट ठेवावीच लागते, नाहीतर तापून फुगल्यावर ती सिलिंडरमध्ये जाम होईल. स्फोट झाला की त्या फटीतून थोडा वायू खाली उतरतो, जिथे क्रँक तेलात फिरत असतो. त्या वायूत धूर असतो, न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि तो तिथे तेलाचे बारीक तुषारही उचलतो. त्याला बाहेर पडायला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो, सील तेल सोडतात आणि तेलाची काडी आपोआप वर सरकते. आमच्याकडच्या गॅरेजांत याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि जुनी गाडी घेणारा नांदेडचा माणूस नाडी बघावी तसं ते बघतो. गाडी चालू ठेवायची, तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि तेच झाकण तोंडावर उलटं ठेवायचं. झाकण गप बसलं तर इंजिन चांगलं. थोडं थरथरलं तर भाव पाडायचा. उडून पडलं तर नमस्कार करून निघायचं. या तपासणीला मशीन लागत नाही, फी लागत नाही, आणि विकणाऱ्याचा चेहरा बघितला तर झाकणही लागत नाही.

पूर्वी हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया राज्य लॉस एंजलिसच्या धुरक्याला वैतागलं आणि तिथल्या सरकारने नव्या मोटारींना हा वायू परत इंजिनाच्याच तोंडात घालायला लावला. ज्याची घाण त्याने गिळायची. न्याय चोख होता. साध्या इंजिनाने तो निमूटपणे मानला, कारण त्याच्या मॅनिफोल्डमध्ये कायम ओढ असते आणि ती ओढ एका झडपेतून सगळं खेचून घेते.

टर्बोने इथे घोळ घातला. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो जोरात आला की त्याच मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी रेटा तयार होतो. झडप मिटते. मग तो वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या पुढ्यात जातो, टर्बोतून इंटरकूलरमध्ये, तिथे आतून तेलाचा चिकट हात फिरवून सिलिंडरमध्ये. इंटरकूलरचं काम हवा थंड करणं. आतून तेलकट झाला की ते काम तो सरकारी वेगाने करतो. पेट्रोलबरोबर तेल जळायला लागलं की नॉकिंगची भीती. आणि ज्या इंजिनात पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये पडतो, तिथे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. व्हॉल्व्ह धुतला जात नाही. तेल त्याच्यावर बसतं, भाजतं, काजळी धरतं. तो डबा या वाटेवर बसवायचा असतो. वायू आत आला की त्याला वळणं घ्यायला लावायची, थंड होऊ द्यायचा, तेल आणि पाणी तळाला बसवायचं आणि उरलेली बऱ्यापैकी कोरडी हवा पुढे पाठवायची. आता वाटा दोन, त्यामुळे जाणकार दोन डबे लावतात. भाच्याकडे पैसे एकाचेच होते. त्याने टर्बोकडे जाणारी वाट निवडली, कारण त्याच्या मते आपण कायम टर्बोतच गाडी चालवतो. हा मुद्दा पुढे येईल.

घरात हे सगळं पहिल्या फटक्यात समजलं ते माझ्या थोरल्या भावाला. तो लोह्याकडे शेती करतो आणि त्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे. भाच्याने मोबाईलवर रंगीत चित्रं दाखवत, बाण काढत, समजावायला सुरुवात केली. थोरल्याने मध्येच थांबवलं. "आमच्या ट्रॅक्टरला खालून नळी लोंबलालीय बघ. तिच्यातून थेंब थेंब पडत असतंय. त्येच का?" तेच. "आन एअर फिल्टरच्या वाटीत तेल असतंय. हवेतली माती त्या तेलात बसती. तुझं उलटं हाय. आमी तेलानं हवा साफ करतो, तू हवेतलं तेल काढलालास." शेवटी त्याने विचारलं, "मग तुझी नळी खाली का सोडत न्हाईस? डबा कशाला?" भाच्याला घाम फुटला. खरं उत्तर असं, की भारतातही पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधला वायू बाहेर सोडायला प्रदूषणाच्या नियमात मुभा नाही. आणि सोडला तरी काच खाली करून सिग्नलला थांबल्यावर त्याचा वास आधी आपल्याच नाकात येतो. काही जण डब्यावर छोटा फिल्टर लावून तो उघडाच ठेवतात. गाडीत बायको बसत नसेल तर ते काही दिवस चालतं.

डबा कुठे बसवायचा यावर घरात फाळणी झाली. नांदेड आणि लातूरमध्ये कुठलीही गोष्ट वाटून घेणं अवघड असतं. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत बरोबरी आहे: नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. दोनास दोन. म्हणूनच नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद वर्षानुवर्षं तसाच पडून आहे. कुणालाही दिलं तरी तीनास दोन झाल्यासारखं होतं. डब्याचंही तसंच झालं. दाजी म्हणाले, लातूरच्या एमआयडीसीत रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, तिथे तुमचा हा एक डबा बसणार नाही का? मी म्हणालो, गाडीचं काम नांदेडच्या मिस्तऱ्याने करावं, गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबपर्यंतच्या गाड्या आमच्याकडे येतात, हात बसलेला आहे. शेवटी बहिणीने निकाल दिला. पत्र्याचं काम लातूरला, नळ्यांचं नांदेडला. आयुक्तालयाचं तिच्याकडे द्यायला हरकत नाही.

नांदेडला देगलूर नाक्याकडे एक उस्ताद आहेत. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तोंडात ती नांदेडची दखनी, जिच्यात नाही म्हणायचं असलं तरी माणूस दुखावत नाही. भाच्याने डबा त्यांच्या हातात दिला, त्यातली इंग्रजी माहिती वाचून दाखवली, टर्बो, बूस्ट, बॅफल सगळं सांगितलं. उस्तादांनी ते शांतपणे ऐकलं आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या बुलेटकडे बोट केलं. लोखंडी इंजिनाची, धूळ खात पडलेली. इंजिनातून एक नळी निघून एका छोट्याशा काळ्या डब्यात गेली होती.

"ये देखो. ऐसाच हय ना?"

ऐसाच होता. जुन्या बुलेटचा ब्रिदर असाच एका डब्यात सोडलेला असायचा आणि डबा अधूनमधून रिकामा करावा लागायचा. ज्या वस्तूसाठी पोराने दोन महिन्यांचं पेट्रोल वाचवलं, ती वस्तू नांदेडच्या पोलिसांनी, सरदारजींनी आणि दूधवाल्यांनी बुडाखाली घेऊन अख्खी हयात काढली होती, आणि त्यांपैकी एकानेही तिचा फोटो काढला नव्हता.

भाचा जरा खचला, पण उस्ताद कामाला लागले. पहिलं काम त्यांनी केलं ते डबा उघडण्याचं. आत काहीच नव्हतं. एका तोंडाने वायू येणार, समोरच्या तोंडाने जाणार, जाताना वाटेत कुणी विचारणार नाही. स्वस्त डब्यांचं हेच असतं. बाहेरचा निळा रंग मात्र चांगला असतो. आत आडवा पत्रा पाहिजे, त्याखाली जाळी पाहिजे, म्हणजे वायू त्यावर आपटून तेल सोडेल. जाळीसाठी भाच्याने आईच्या ओट्यावरून तारेची घासणी पळवून आणली होती. मोबाईलवरचे लोकही तेच करतात. उस्तादांनी घासणी दोन बोटांत धरून ओढली. तारेचा एक बारीक तुकडा तुटून त्यांच्या अंगठ्याला चिकटला. तो त्यांनी भाच्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "ये टर्बो में गया तो?" लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या पंख्यात तो तुकडा गेला तर काय, हे सांगायला मोबाईल लागत नव्हता. घासणी परत ओट्यावर गेली. तिच्या जागी स्टीलची जाड विणलेली जाळी आली, आणि ती हलू नये म्हणून तिच्या पुढे छिद्रं पाडलेला गोल पत्रा. हा पत्रा लातूरला लेथवर झाला. दाजी स्वतः उभे राहून करवून आले आणि त्याचं बिल त्यांनी जपून ठेवलंय.

जागा ठरवायची उस्तादांची रीत मला फार आवडली. गाडी चांगली गरम करून आणायला सांगितली. मग बॉनेट उघडून त्यांनी उघडा तळहात इंजिनाभोवती एकेका ठिकाणी धरला. टर्बोच्या बाजूला हात धरवत नव्हता. एक्झॉस्टजवळ तर नाहीच. पुढे, बॅटरीच्या शेजारी, जिथे जाळीतून वारा येतो, तिथे हात निवांत टिकला. "इधर." डब्याने काम करायचं तर तो थंड राहिला पाहिजे, नाहीतर वाफ वाफच राहते आणि जशी आली तशी पुढे जाते. परदेशी लोक यासाठी तापमान मोजायचं यंत्र वापरतात. उस्तादांचं यंत्र सत्तर वर्षांचं आहे आणि त्याला सेल लागत नाहीत.

नळ्यांवरून मात्र गॅरेजात जमलेल्या मंडळींनी आपापली बुद्धी पाजळली. एक म्हणाला, गॅसची नळी लाव, मजबूत असते. दुसऱ्याने ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी सुचवली; मराठवाड्यात कुठलाही प्रश्न ठिबकच्या नळीपर्यंत येऊन थांबतो, आणि तिचे तुकडे प्रत्येकाच्या घरी पडलेले असतात. इंजिनाच्या उष्णतेत ती नळी लोळागोळा होईल हे त्याला पटवायला बराच वेळ गेला. पटलंच नाही, तो चहा प्यायला गेला. साधा रबरही चालत नाही; तेलाने तो फुगतो, मऊ पडतो, आणि ओढ बसली की आतल्या आत चिपकतो. तेल सोसणारी, आत धाग्याची वीण असलेली नळीच हवी, आणि तिचा घेर कंपनीच्या मूळ नळीपेक्षा कमी नको. ती नळी लावताना कुठे झोळ पडू द्यायचा नाही. झोळ पडला की तेल डब्यात न जाता झोळातच साठतं आणि एक दिवस सगळं एकदम पुढे जातं. क्लिपा घट्ट पाहिजेत. एखादी ढिली राहिली तर तिथून फुकटची हवा आत शिरते, इंजिनाच्या संगणकाचा हिशोब चुकतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. क्लिपा आवळताना उस्ताद प्रत्येकीला दोनदा हात लावत होते. शेवटी त्यांनी गाडी चालू करून तेलाच्या तोंडाचं झाकण उलटं ठेवलं. झाकण गप बसलं. भाच्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याच्या बारावीच्या निकालालाही आलं नव्हतं.

मग सुरू झाली खरी गंमत. टर्बो दाबात आला की डब्यात तेल येणार. पण टर्बो दाबात आणायचा कुठे? नांदेड-लातूर हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग कागदावर छान आहे. नांदेडच्या लातूर फाट्यावरून निघायचं, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, आष्टा मोड करत लातूर. पण साखर कारखान्यांचा हंगाम असेल तर चाकूरच्या पुढे एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या लागलेल्या असतात, त्यावर स्पीकर असतो, आणि गाणं संपेपर्यंत तो ट्रॅक्टर बाजू देत नाही. गाण्यामागून गाणं लागतं. रिमॅप केलेली गाडी त्याच्या मागे ताशी वीसने चालते. उरलेला वेळ गतिरोधक, म्हशी आणि लग्नाच्या वराती वाटून घेतात. तेव्हा 'आपण कायम टर्बोतच चालवतो' हा भाच्याचा सिद्धांत या रस्त्यावर टिकत नाही. आणि आठवडाभर तर तो औसा रोडवरून गंज गोलाईपर्यंत जातो आणि येतो. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं गरमच होत नाही. गरम झालं नाही की आतली वाफ उडून जात नाही, तेलात मिसळते. थंडीत जास्तच.

पहिल्या रविवारी तोटी उघडली. खाली वाटी धरलेली. सगळं घर जमलेलं, शेजारच्या गच्चीवर दोघे. आधी काहीच नाही. मग तपकिरी, दुधाळ, पातळ असं काहीतरी थेंब थेंब आलं, पेट्रोलचा उग्र वास मारत. भाच्याने ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं. पाच मिली आणि वर थोडं. दाजींनी वाटीत बोट बुडवलं, अंगठ्याला घासलं, नाकाला लावलं, सोयाबीनचा नमुना बघतात त्याच गांभीर्याने.

"ह्याच्यात पाणीच जास्त हाय. मॉइश्चर किती?"

यार्डात बाराच्या वर मॉइश्चर गेलं की भाव पडतो. भाच्याचा माल अर्ध्याहून अधिक पाणी होता. दाजींच्या हिशोबी तो घ्यायच्याच लायकीचा नव्हता.

पण लातूर हे मोजणाऱ्यांचं गाव आहे. लातूर पॅटर्नच्या गावात पोराला नाव विचारायच्या आधी मार्क विचारतात. नीटचे ७२० पैकी किती, याच्यावर ओळखी ठरतात, स्थळं ठरतात. नांदेडलाही आता तेच. तेव्हा डब्याची बातमी पसरली आणि भाच्याचे मित्र, लातूरचे आणि नांदेडचे, एकेक करून डबे लावू लागले, आणि दर रविवारी फोन सुरू झाले. "किती निघालं?" "आठ. तुझं?" "बारा." ज्याचं कमी निघालं तो नाराज. एकाचं तर एकदम चाळीस मिली निघालं. त्याने वाटीचा फोटो सगळ्यांना पाठवला, बोर्डात आल्यासारखा. मित्रांनी अभिनंदन केलं. भाचा त्याला घेऊन उस्तादांकडे आला, कौतुक ऐकायला. उस्तादांनी फोटो बघितला, चष्मा काढला आणि त्याच्या गाडीवर झाकणाचा प्रयोग केला. झाकण थरथरत बाजूला सरकलं. या परीक्षेत जास्त मार्क म्हणजे रिंगा किंवा टर्बोचं सील गेलं. ते कळल्यापासून त्या पोराने फोटो पाठवणं बंद केलंय.

काजळी बसलेल्या व्हॉल्व्हचं काय करतात, हे भाच्याने एकदा जेवताना सांगितलं. अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा करायचा आणि दाबाच्या हवेने तो व्हॉल्व्हवर मारायचा. काजळी निघते, धातूला चरा पडत नाही. हे खरं आहे, जगभर तसंच करतात. बहिणीचा घास हातात राहिला. लातूरला अक्रोड कशासाठी आणतात हे वेगळं सांगायला नको; आकार मेंदूसारखा, म्हणून नीटच्या पोरांना रोज सकाळी दोन भिजवून. तिनेही याला दोन वर्षं दिले होते. "गर तुला घातला," ती म्हणाली, "साल गाडीला घातली असती तरी बरं झालं असतं."

आता माझं मत. साधी, न छेडलेली, नीट सर्व्हिस झालेली टर्बो गाडी असेल, आणि ती रोज बाजारापासून घरापर्यंतच जात असेल, तर या डब्याविना तिचं काही अडत नाही. कंपनीनेच तेल वेगळं करायची सोय इंजिनात दिलेली असते. दाब वाढवून घेतला असेल, लांबचा आणि जोराचा प्रवास असेल, तर डबा कामाचा आहे. काजळी तो पूर्ण थांबवत नाही, कमी करतो. डब्याने गाडी पळत नाही, आवाज बदलत नाही, मायलेज वाढत नाही. त्याचं एकच काम, घाण अडवून ठेवणं, आणि ती काढून टाकायचं काम तुमचं. ते कुणी करत नाही हा माझा अनुभव. पहिले दोन-तीन रविवार सगळे घालवतात. मग डबा भरतो, आणि भरलेल्या डब्यातलं एखाद्या वळणावर सगळं एकदम इंजिनात ओढलं जातं. त्यापेक्षा डबा नसलेला बरा.

तेव्हा लावणार असाल तर लावा, पण महिन्यातून एकदा तरी तोटी उघडा, थंडीत दोनदा. निघालेलं गटारीत ओतू नका, आणि जळकं तेल समजून दाराच्या बिजागरीला किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावू नका. त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. बाटलीत भरा आणि गॅरेजातल्या जळक्या तेलाच्या ड्रमात नेऊन टाका. उस्तादांकडे असा ड्रम आहे, दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, बुलेटच्या मागे.